अग्रिम कर विवरणपत्रात कसा दाखवावा?

प्रश्न : मी ठाण्यात नौपाड्याला राहते आणि घरून भाषांतराची कामे करते. आर्थिक वर्ष २०२४-२५ साठी मी डिसेंबर आणि मार्चमध्ये अग्रिम कर (वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी भरायचा आयकर) भरला. परंतु आयकर विवरणपत्रात आपोआप भरून आलेल्या माहितीत मार्चचे चलन दिसत नाही. काय करावे?

उत्तर : प्रथम मार्चचे चलन समोर घेऊन त्यावरील कर-निर्धारण वर्ष (आर्थिक वर्षाच्या लगतचे पुढचे वर्ष) पाहा. ते २०२५-२६ असायला हवे. घाईत अनेकजण तिथे आर्थिक वर्षच निवडतात आणि रक्कम भलत्याच वर्षाच्या खात्यात जाते. तसे झाले असल्यास आधी चलन दुरुस्तीसाठी अर्ज करावा. वर्ष बरोबर असल्यास अग्रिम कर व स्वयं-निर्धारण कराच्या तक्त्यात नवी ओळ जोडून बँक शाखेचा सात अंकी बीएसआर कोड, भरणा तारीख, चलनाचा अनुक्रमांक आणि रक्कम चलनावरून जशीच्या तशी लिहावी, कारण एक अंक चुकला तरी भरलेल्या कराचे श्रेय अडकू शकते. ग्राहकांनी पैसे देतानाच कापलेला कर, म्हणजे टीडीएस, मात्र या तक्त्यात लिहू नये, त्याचा तक्ता वेगळा आहे. विवरणपत्र पाठवण्यापूर्वी फॉर्म २६एएसशी (आपल्या नावे जमा झालेल्या कराचे वार्षिक विवरण) ताळा अवश्य घ्यावा.

आपण जून व सप्टेंबरचे हप्ते भरलेले दिसत नाहीत. टीडीएस वजा जाता देय कर दहा हजार रुपये किंवा अधिक असेल, तर हप्ते चुकल्याबद्दल आयकर कायदा, १९६१ च्या कलम २३४सी अन्वये व्याज लागू शकते. तेही हिशेबात धरावे.