कूबर पेडीला निघण्याआधी

प्रिय मुली,

नोकरी घेतलीस, फार बरं वाटलं. तीन वर्षं तिथे कशी जातील, असं विचारलं आहेस. मी तिथे सहा वर्षं नर्स होते, म्हणून जे अनुभवलं तेवढंच लिहिते.

गाव ऑस्ट्रेलियात, अ‍ॅडलेडच्या उत्तरेला साडेआठशे किलोमीटरवर आहे. वाटेत ग्लेनडॅम्बोला टाकी भर, कारण पुढचे अडीचशे किलोमीटर पेट्रोल पंप नाही. अंधारायच्या आत पोच. तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात.

डगआउट, म्हणजे टेकडीत कोरलेलं घर मिळालं तर तेच घे. बाहेर 45 अंश असले तरी आत चोवीसच्या आसपास असतं. पण खोल्यांना खिडक्या नसतात. दिवस उजाडल्याचं कळत नाही, आणि सुट्टीला दुपारपर्यंत लोळत राहिलं तरी कुणी हाक मारत नाही. माझा पहिला महिना ड्यूटी, अंथरूण आणि आईचा फोन यातच गेला. त्या दिवसांची मला अजून हळहळ वाटते. म्हणून सांगते, उठलीस की आधी दार उघडून उन्हात ये, चहा नंतर.

1915 मध्ये विली हचिसन या चौदा वर्षांच्या मुलाला तिथे ओपल हे रत्न सापडलं, आणि तेव्हापासून माणसं खणतच आहेत. गावाचं नावही तिथल्या मूळ रहिवाशांच्या ‘कुपा पिटी’वरून आलं, म्हणजे गोऱ्या माणसाचं बीळ. खणलेले खड्डे बुजवत नाहीत. मीटरभर रुंदीचे आणि खूप खोल खड्डे माळावर उघडे असतात. फोटो काढताना उलट्या पावली मागे सरकू नकोस. तशा पाट्याही लावल्या आहेत, त्यांच्याकडे काणाडोळा करू नकोस.

आणि कुठेही जाताना शेजारी सांगून जा. कुठे, कोणत्या रस्त्याने, किती वाजता परत. माझ्या पलीकडे क्रोएशियाहून ओपलसाठी आलेले एक आजोबा राहायचे. त्यांचं इंग्रजी मोडकं, माझं घाबरलेलं, त्यामुळे सुरुवातीला आमचं बोलणं म्हणजे नुसती मान हलवणं. एकदा ऊदनादत्ताच्या कच्च्या रस्त्यावर माझे दोन टायर गेले आणि स्टेपनी एकच. फोनला रेंज नाही. गाडी सोडून चालत निघायचं नाही, एवढं मला माहीत होतं, म्हणून सावलीला पाण्याचा कॅन घेऊन बसून राहिले. चारला परतते, असं आजोबांना सांगितलं होतं. साडेसहाला धूळ उडवत त्यांचीच गाडी आली. मला रडू फुटलं. त्यांनी आधी पाणी दिलं, मग टायर काढला.

पुढे दर रविवारी मी त्यांच्याकडे वरणभात न्यायचे. गोडा मसाला आणि तूरडाळ इकडूनच जास्त घेऊन जा, तिथे हाताशी मिळणार नाही. पाऊस झाला की कच्चे रस्ते बंद होतात. 2022 च्या जानेवारीत पुराने वाट तुटली तेव्हा लष्कराच्या विमानाने किराणा आणावा लागला होता. डाळ-तांदूळ घरात असू दे, दोघांना पुरतील एवढे.

पोचलीस की शेजारी कोण आहे ते मला कळव.

तुझी,
मावशी