अपक्ष उमेदवारीचा अर्ज बाद होऊ नये म्हणून

प्रश्न : आमच्या प्रभागात कचरा आणि पाण्याच्या प्रश्नांवर मी स्वयंसेवक म्हणून काम करते. विधानसभा निवडणूक अपक्ष लढवायची आहे. अर्ज भरताना कुठे चुका होतात?

उत्तर : बहुतेक वेळा सूचकांपाशी, म्हणजे अर्जावर सही करून तुमचं नाव सुचवणाऱ्या मतदारांपाशी. अपक्षाला १० सूचक लागतात आणि ते सगळे त्याच मतदारसंघाचे मतदार असावे लागतात. यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक ताज्या मतदार यादीतूनच उतरवा. अंगठा उठवणाऱ्या सूचकाला अधिकाऱ्यासमोर नेणं भाग असतं, म्हणून सही करणारेच निवडलेले बरे. एका उमेदवाराला ४ अर्ज भरता येतात, अनामत एकदाच. प्रत्येक अर्जावर वेगळे १० सूचक घ्या. एक अर्ज बाद झाला तरी दुसरा तरतो.

नमुना २६ च्या शपथपत्रात (गुन्हे, मालमत्ता, शिक्षण यांची माहिती देणाऱ्या) एकही रकाना रिकामा ठेवू नका. ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहा. नुसती रेघ चालत नाही.

तुमचं नाव दुसऱ्या मतदारसंघाच्या यादीत असेल तर त्या नोंदीची प्रमाणित प्रत जोडा. अनामत १०,००० रुपये (अनुसूचित जाती-जमातींसाठी ५,०००). निवडणूक खर्चाचं स्वतंत्र बँक खातं अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडा. अर्ज दिल्यावर लगेच उमेदवाराची संविधाननिष्ठेची शपथ घ्या. छाननीच्या दिवशी घेतलेली शपथ उशिराची ठरते. शेवटच्या दिवसावर तर विसंबूच नका, दुपारी ३ नंतर अर्ज घेत नाहीत.