आफ्रिकेची हिरवी भिंत आणि आपलं गायरान

तुमचा प्रश्न असा: आफ्रिकेने सहारा रोखायला झाडांची भिंत उभी केली, मग सोलापूरजवळच्या नान्नजकडच्या आपल्या गायरानावर यंदा दहा हजार रोपं का लावू नयेत? आधी त्या भिंतीचं बघू. व्हॉट्सॲपवर फिरणारा नकाशा अर्धीच गोष्ट सांगतो.

आफ्रिकी संघाने २००७ साली ही योजना हाती घेतली. सेनेगलपासून जिबूतीपर्यंत सुमारे ८,००० किलोमीटरचा पट्टा, आणि २०३० पर्यंत १० कोटी हेक्टर जमीन सुधारायचं लक्ष्य. २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांनी आढावा घेतला तेव्हा ठरलेल्या पट्ट्यात जेमतेम ४० लाख हेक्टर काम झालं होतं. पैसा कमी पडला, काही देशांत लढाया पेटल्या, हे आहेच. पण सलग भिंतीची मूळ कल्पनाही मागे पडली. राखणारं माणूस नसेल तर रोप उन्हाळा काढत नाही. हे आपल्याला आफ्रिकेतून कुणी सांगायला नको, दरवर्षी त्याच खड्ड्यात नवं रोप लावून फोटो काढणारे इथे कमी आहेत का?

साहेलमधलं, म्हणजे सहाराच्या दक्षिणेच्या कोरड्या पट्ट्यातलं, मोठं यश आलं ते रोपं न लावता. नायजरच्या दक्षिणेला मरादी भागात टोनी रिनाउडो हा ऑस्ट्रेलियन कार्यकर्ता १९८० च्या दशकात रोपं लावून थकला होता, बहुतेक मरायची. मग त्याच्या ध्यानात आलं की शेतात झुडपं म्हणून दिसतात ते तोडलेल्या झाडांचे फुटवे आहेत आणि खाली मुळं जिवंत आहेत. शेतकरी पेरणीआधी ते साफ करायचे. आता त्यातले दोन-चार जोमदार फुटवे राखायचे, बाकीचे छाटायचे, एवढंच सुरू झालं. नायजरमध्ये या रीतीने सुमारे ५० लाख हेक्टरांवर झाडं परत आली. ना रोपवाटिका, ना टँकर. पण यात एक मेख आहे. फ्रेंच राजवटीपासून तिथे शेतातलं झाडसुद्धा सरकारचं मानलं जायचं, तोडलं तर दंड. मग वाढवेल कोण? ती सक्ती सैल झाली आणि झाडावर शेतकऱ्याचा हक्क आला, तेव्हा ते टिकलं. माझ्या लेखी तंत्रापेक्षा हा भाग मोठा.

शेजारच्या बुर्किना फासोत याकूबा सावादोगो या शेतकऱ्याने जुनी 'झाई' पद्धत सुधारली. पापुद्रा धरलेल्या कडक जमिनीत उन्हाळ्यातच वीत-दीड वीत रुंदीचे खड्डे घ्यायचे, त्यात शेणखत टाकायचं. खतावर वाळवी येते, ती जमीन पोखरते आणि पहिला पाऊस वाहून न जाता आत मुरतो. त्यातच ज्वारी-बाजरी पेरायची. सोबत उताराला आडव्या दगडांच्या रांगा. आपल्या हलक्या, मुरमाड रानाला यातलं काहीच परकं नाही. रिनाउडो आणि सावादोगो दोघांनाही २०१८ साली 'पर्यायी नोबेल' म्हणवला जाणारा राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला. सावादोगो २०२३ मध्ये वारले.

आता तुमचं गायरान. ते उजाड नाही, ते माळरान आहे. माळढोकासाठी १९७९ साली इथे अभयारण्य झालं ते या गवतामुळेच. तो पक्षी अंडं उघड्या जमिनीवर घालतो, त्याला लांबवर नजर जाणारा मोकळा माळ लागतो. काळवीट आणि लांडगाही त्याच माळावरचे. तिथे गिरिपुष्पाची किंवा निलगिरीची दाटी केली तर त्यांचं घरच मोडतं, शिवाय मेंढपाळांची चराईही जाते.

आफ्रिकेतही हाच घोळ चालू आहे. 'एएफआर१००' या जंगलं परत आणण्याच्या, १० कोटी हेक्टरांच्या वेगळ्या मोहिमेत देशांनी कबूल केलेल्या जमिनीत बरीच सवाना, म्हणजे गवताळ प्रदेश आहे, आणि अभ्यासकांनी त्यावर जाहीर हरकत घेतली आहे. उलट दक्षिण आफ्रिकेचं सरकार १९९५ पासून पाणी वाचवण्यासाठी पैसे देऊन परदेशी झाडं तोडून घेतं. केनियातल्या बारिंगोत तर आपल्याकडेही पसरलेली वेडी बाभूळच १९८० च्या दशकात हिरवळीसाठी आणली. ती कुरणांवर पसरली, गोड शेंगा खाऊन शेळ्यांचे दात किडले, आणि लोक कोर्टात गेले!

तेव्हा गायरानावर खड्डे काढू नका. तिथे आधी वेडी बाभूळ मुळासकट काढा, पाळीपाळीने काही भाग चराईला बंद ठेवा, गवत आपोआप उठतं. झाडं हवीतच, तर बांधावर आणि ओढ्याकाठी. बोर, हिवर, बाभूळ यांचे जुने बुंधे फुटताहेत का ते बघून फुटवे राखा. लागवडीचा निधी आला असेल आणि खर्च करावाच लागणार असेल, तर तो दगडी बांधांवर आणि राखणदाराच्या पगारावर टाकता येतो का, हे ग्रामसेवकांना विचारा.

गायरानाचा उतार कोणत्या अंगाला आहे आणि सध्या तिथे कोण चारतं, तेवढं कळवा. मेंढपाळांना न विचारता बंदी घातली तर पहिल्याच वर्षी भांडणं होतील.