एनईएस, मेगा ड्राइव्ह, पीएस२, ड्रीमकास्ट आणि अमिगा ५०० ही जुनी गेम मशीन एकाच टीव्हीला कशी जोडायची? वाय स्प्लिटर (एका तारेच्या दोन करणारे) उलटे लावून सगळ्यांच्या चित्राच्या पिवळ्या पिना एकत्र केल्या तर चालेल का?

नाही चालणार. टीव्हीवर काहीतरी दिसेल, पण जे दिसेल त्यावरून तुम्ही चांगल्या मशीनला खराब ठरवाल. आमच्याकडे नेमकं हेच झालंय म्हणून एवढं लिहितोय.

माझा मावसभाऊ, मी त्याला दादा म्हणतो. कलेक्शन आमच्या दोघांचं, पण मांडलेलं त्याच्याकडे. त्याने असेच स्प्लिटरला स्प्लिटर लावून सगळ्या कन्सोलच्या पिवळ्या वायरी एकात आणल्या आणि मग सुपर निन्टेन्डोचं चित्र मळकट यायला लागलं. स्कोअरचे पांढरे आकडे राखाडी दिसायचे, आणि एखादा उजेडाचा सीन आला की वरचा भाग वाकडा होऊन फाटायचा. दादा म्हणाला कपॅसिटर गेलेत, मशीन संपलं. मी म्हटलं अरे ही लाइन एका मशीनसाठी आणि टीव्हीतल्या एका ७५ ओहमच्या लोडसाठी बनलेली असते, तू बाकीची सगळी मशीन त्याच तारेवर लटकवलीस, ती बंद असली तरी सिग्नल खातातच. मी त्याच्यासमोर बाकीच्या पिना उपटल्या, एकटा सुपर निन्टेन्डो ठेवला, आकडे लगेच पांढरेशुभ्र. तर म्हणे गरम झाल्यावर थोडा वेळ सुधारतं असं, कपॅसिटरचं लक्षणच आहे ते! मला न विचारता पार्टसाठी म्हणून देऊन टाकला. घेणाऱ्याने घरी नेऊन सरळ टीव्हीला लावला आणि फोन केला की चित्र एकदम क्लिअर आहे, यात खराब काय होतं? माझ्या पहिल्या कन्सोलची गोष्ट आहे ही, आणि दादा आजही मान्य करत नाही.

असो, तुमच्या मशीनबद्दल. अमिगा ५००ची कॉम्पोझिट, म्हणजे पिवळी पिन फक्त काळंपांढरं चित्र देते, त्यामुळे तुमचा स्प्लिटरचा प्लॅन तिथेच संपला, रंग हवे असतील तर २३ पिनांच्या पोर्टातून आरजीबी (लाल, हिरवा, निळा वेगवेगळ्या तारांवर) घ्यावं लागेल. सगळ्यात आधी कुठलं मशीन काय सिग्नल देतं ते बघा. एनईएस, मेगा ड्राइव्ह आणि अमिगा १५ किलोहर्ट्झवाले, म्हणजे सेकंदाला साधारण पंधरा हजार आडव्या रेघा. ड्रीमकास्ट व्हीजीए केबलने ३१ किलोहर्ट्झ देतो, ४८०पी (४८० रेघांची अख्खी फ्रेम), आणि तो तसाच घ्या, पिवळ्या पिनेने लावणं म्हणजे वाया घालवणं आहे (काही मोजके गेम व्हीजीएवर चालत नाहीत तेवढं धरून चाला). पीएस२ला कम्पोनेंट (चित्रासाठी तीन वेगळ्या तारा). मेगा ड्राइव्ह आणि अमिगा आरजीबी स्कार्टने (युरोपातल्या टीव्हींचा रुंद, बऱ्याच पिनांचा जोड) एका स्विचमध्ये, पण स्विच पॉवरवाला घ्या, आत सिग्नल बफर करणारा (एका मशीनचा सिग्नल दुसऱ्यापासून वेगळा राखणारा), नुसती बटणं असलेला स्वस्त डबा घेतलात तर एका मशीनची सावली दुसऱ्याच्या चित्रात दिसते आणि आवाजात गुणगुण येते.

स्विचच्या पुढे स्केलर, म्हणजे जुनं चित्र नव्या टीव्हीला झेपेल असं करून देणारा डबा. ओएसएससी नावाच्या स्केलरला स्कार्ट, कम्पोनेंट आणि व्हीजीए असे तीन इनपुट आहेत, म्हणजे तुमची चार मशीन बसली, पण तो कॉम्पोझिट घेत नाही, आणि एनईएसमधून मॉड (आतल्या सर्किटात बदल) न करता आरजीबी निघतच नाही. रेट्रोटिंक ५एक्स हा दुसरा स्केलर कॉम्पोझिटपण घेतो. पाचही मशीन खरंच वापरणार असाल तर मी तोच घेईन, ड्रीमकास्टचं व्हीजीए मात्र मग वेगळ्या अडॅप्टरने आणावं लागेल.

आता कुणीतरी सांगेलच की एवढं कशाला, छोटा कन्व्हर्टर मिळतो, पिवळी पिन आत आणि एचडीएमआय बाहेर. दादाचं हल्ली तेच चाललंय. त्याला म्हटलं गेममध्ये हिरोला मार लागल्यावर तो लुकलुकतो ना, तुझ्या टीव्हीवर बघ. तो लुकलुकतच नाही, एकतर पूर्ण गायब होतो नाहीतर आडव्या पट्ट्यांचा बनतो, कारण हे कन्व्हर्टर आणि बरेचसे नवे टीव्ही २४०पीला (जुन्या मशीनच्या अख्ख्या फ्रेमना) ४८०आय (अर्ध्या-अर्ध्या फ्रेमचं चित्र) समजतात, म्हणजे दोन अख्ख्या फ्रेमना एकाच फ्रेमचे अर्धे भाग धरून एकत्र विणतात. गेम बनवणाऱ्याने दर दुसऱ्या फ्रेमला सावली दाखवून ती पारदर्शक भासवलेली असते, ती मेहनत तिथेच मेली. वर त्या प्रोसेसिंगमुळे बटण दाबणं आणि उडी यात जाणवण्याइतका उशीर. दादा म्हणतो गेम तर चालतोय ना. तुम्ही असं म्हणू नका, एवढी खरी मशीन जपून ठेवलीत ती खरी दिसावीत म्हणूनच ना?

हां, दोन-तीन गोष्टी राहिल्या. अमिगा पाल (युरोप, भारतातल्या जुन्या टीव्हींची पद्धत) असेल तर ५० हर्ट्झ येणार, आणि सगळे टीव्ही ५० घेत नाहीत, आधी तपासा. एनईएस नेमका ६० नाही, ६०.१च्या जवळ चालतो, ओएसएससीमध्ये फ्रेम साठवायची सोयच नाही त्यामुळे मॉड केलेला एनईएस त्यातून लावलात तर एखादा टीव्ही चित्र नाकारू शकतो. व्हीजीएतून आवाज येत नाही, त्याची वायर वेगळी टाका. स्कार्ट केबल त्या त्या मशीनसाठी बनवलेलीच घ्या, सिंकचा (चित्र जागेवर धरणाऱ्या सिग्नलचा) व्होल्टेज जास्त असलेली केबल स्विच किंवा स्केलर उडवू शकते. आणि लाइट गनचे (टीव्हीवर बंदूक रोखायचे) गेम यातल्या कशानेच एलसीडीवर चालणार नाहीत, त्यांना काचेचा ट्यूबवाला टीव्हीच लागतो. तो असेल तर एनईएस थेट त्यालाच लावा, स्केलर कॉम्पोझिट घेतो की नाही हा प्रश्नच उरत नाही.