दुधाचं सरकारी अनुदान शेजाऱ्याला आलं, आम्हाला का नाही?

आमच्या घरी गाई आहेत आणि गावातल्या संकलन केंद्रावर संध्याकाळचं माप मी घेतो, त्यामुळे अनुदानाच्या याद्या, फॉर्म, झेरॉक्स हे सगळं डोळ्याखालून गेलंय. तुम्ही म्हणता शेजाऱ्याच्या गाई तेवढ्याच, डेअरी तीच, फॅट पण सारखी, मग तुमचंच का अडकलं. फॅट-एसएनएफचं (एसएनएफ म्हणजे दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग) सोडा, आधी कागद काढून बसा.

२०२४ च्या या अनुदानाचे पैसे राज्य सरकार आपल्या खात्यावर टाकायचं हे खरं, पण कुणाचं किती लिटर दूध आलं ही माहिती डेअरी भरून द्यायची. त्यात तुमचं आधार, बँक खातं आणि गाईच्या कानातला बिल्ला हे सगळं एकमेकाला जुळावं लागायचं. आणि आपल्याकडं काय असतं, डेअरीतला दुधाचा कोड नंबर वडिलांच्या नावावर, गाईचा बिल्ला भावाच्या नावावर नोंदवलेला, आणि बिल जमा होतं पतसंस्थेत. पतसंस्थेत दर दहा दिवसाला दुधाचं बिल नीट पडतं म्हणून माणूस गाफील राहतो, पण सरकारचं डीबीटी, म्हणजे थेट खात्यात येणारे पैसे, आधार जोडलेल्या बँक खात्यावरच येतं.

बिल्ल्याचं तर विचारूच नका. बाजारातून आणलेली गाय असली की तो बारा आकडी नंबर ऑनलाइन अजून जुन्या मालकाच्याच नावावर असतो, नाहीतर गव्हाणीत अडकून कान फाटतो आणि बिल्ला शेणात जातो. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना सांगून भारत पशुधन या जनावरांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीवर मालकाचं नाव बदलून घ्या, बिल्ला पडला असेल तर नवीन मारून घ्या आणि तो नंबर केंद्रावर परत लिहून द्या, आपोआप काही बदलत नाही. म्हशीचं दूध घालत असाल तर विषयच संपला, हे फक्त गाईच्या दुधाला होतं.

अजून एक, पैसे आलेत पण भलत्याच खात्यात असंही होतं. आधार सगळ्यात शेवटी ज्या खात्याला डीबीटीसाठी जोडलं तिकडं पैसे जातात. आमच्या वाडीतल्या एका काकू महिनाभर डेअरीवाल्याशी भांडत होत्या आणि पैसे पडले होते पोस्टाच्या खात्यात, सिम बंद त्यामुळे मेसेज कुठून येणार. बँकेत जाऊन 'आधार लिंक आहे का' एवढंच विचारू नका, ते हो म्हणतात आणि मोकळे होतात, डीबीटी कुठल्या खात्याला चालू आहे ते बघायला लावा.

आता जे कुणी उघड बोलत नाही ते. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं तेव्हा ३.५ फॅट ८.५ एसएनएफला डेअरीनं लिटरला २७ रुपये द्यायचे आणि सरकारनं वर ५, जुलैपासून ३० अधिक ५ झालं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपासून २८ अधिक ७. 'अनुदान वाढलं' म्हणून पेढे वाटायचेच बाकी होते पण बेरीज करा ना, ३५ चे ३५ च, फक्त दोन रुपये डेअरीच्या खिशातून निघून सरकारच्या अंगावर गेले. आणि डेअरीचे पैसे दहा दिवसाला मिळतात, सरकारचे कधी येतील ते आले की कळतं, पेंडवाला तोवर थांबतो का? त्यामुळे मला विचाराल तर अनुदान दोन रुपये कमी चाललं असतं पण डेअरीचा दर खाली यायला नको होता.

तुमच्यापुरतं बोलायचं तर केंद्रावर आधी एवढंच विचारा की माझं नाव वर पाठवलं होतं का, आणि पाठवलं असेल तर कुठल्या कारणानं परत आलं. बऱ्याच डेअऱ्यांकडं ती त्रुटीची यादी आलेली असते, कुणी मागत नाही म्हणून तशीच पडून राहते. तिथं 'वरून आलं नाही' असं उत्तर मिळालं तर दुधाच्या पावत्या घेऊन जिल्ह्याच्या दुग्धविकास अधिकाऱ्याकडं लेखी अर्ज द्या, पोच घ्यायला विसरू नका.