मुलीला हिस्सा नाही, ही रीत सिद्ध कोणी करायची?

ताई, तुम्ही पत्रात लिहिलंत ते असं: गडचिरोलीतलं तुमचं गोंड कुटुंब. वडील गेले, मागे धानाच्या बांध्या. भावांनी वारस फेरफारात तुमचं नाव दिलं नाही. तुम्ही तलाठ्याकडे हरकत घेतली, तर गावच्या पंचांनी बजावलं, ‘मुलीला जमीन द्यायची आमच्यात रीत नाही. हरकत मागे घे, नाहीतर आईच्या घरचं पाणीही बंद.’ वर भावांचा वकील सांगतो, आदिवासींना हिंदू वारसा कायदा लागूच नाही.

वकिलाचं तेवढं म्हणणं बरोबर आहे. १९५६ च्या त्या कायद्याच्या कलम २(२) ने अनुसूचित जमाती वगळल्या आहेत. पण म्हणून मुलीचा हक्क बुडत नाही. छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात खालची न्यायालयं म्हणत राहिली, ‘मुलीला हिस्सा देणारी प्रथा दाखवा.’ जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा विचारच चुकीचा ठरवला. मुलीला वगळणारी प्रथा सिद्ध झाली नसेल, तर तिला समान हिस्सा. तेव्हा रीत आहे म्हणणाऱ्या भावांनीच ती पुराव्यानिशी दाखवायची.

त्यांनी ती दाखवलीच, तर लढाई लांबेल. संविधानाच्या कलम १३ नुसार रूढीही मूलभूत हक्कांच्या चौकटीत येते. तरी १९९६ च्या मधु किश्वर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने आदिवासी बायकांना वारशातून वगळणाऱ्या तरतुदी सरसकट रद्द करायचं टाळलं होतं. म्हणून जुनी उदाहरणं आत्ताच शोधा. आसपासच्या गावांत एखाद्या लेकीच्या नावावर सातबारा असेल, तर त्याची नक्कल काढा. तुमच्या दाव्यात याहून मोलाचा कागद नाही.

पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, पारंपरिक न्यायपद्धती जपतो, आणि ती जपली जावी असं मला मनापासून वाटतं. पण तो अधिकार ग्रामसभेचा आहे, म्हणजे गावच्या मतदार यादीतल्या सगळ्यांचा, बायकांचाही. चार पंचांची बैठक म्हणजे ग्रामसभा नव्हे. तुमच्या आईला ग्रामसभेत हा विषय मांडता येईल. तिथे समेट झाला तर उत्तमच. मात्र वारसाहक्क काढून घेणं ग्रामसभेच्याही हातात नाही.

वाळीत टाकणं तर सरळ गुन्हा आहे. महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. धमकी कोणी, कधी, कोणासमोर दिली ते आजच लिहून ठेवा.

हरकत मागे घेऊ नका. फेरफार विरोधात गेला तरी मालकी त्याने ठरत नाही. उपविभागीय अधिकाऱ्यांकडे साठ दिवसांत अपील करा आणि दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा लावा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तुम्हाला वकील मोफत मिळेल, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. दाव्यात आईचाही हिस्सा मागा. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही.