सगळे 'हो' म्हणतात तेव्हा

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. तीन पानांत तू फिरून फिरून एकच विचारतोस: वर्गातले पोट्टे जे करतात ते सगळे मिळूनच का करतात, आणि आतून वेगळं वाटत असताना तोंडानं तेच का बोलतात? उदाहरणही तू नेमकं दिलंस. गणिताचे सर फळा भरवून विचारतात, "समजलं का?" अख्खा वर्ग एका सुरात "हो" म्हणतो. तासाभरानं एसटीची वाट पाहताना त्यातलेच चार जण एकमेकांना विचारतात, "तुले काही समजलं काय बे?"

तू जे पाहिलंस ते बरोबर पाहिलंस. 'ही सगळी मेंढरं आहेत आणि मी एकटा खरा' असं जे पुढं लिहिलंस, त्याबद्दल मात्र थोडं थांबून बोलू.

१९५० च्या दशकात अमेरिकेत सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञानं यावर प्रयोग केले. सात ते नऊ जणांना एका खोलीत बसवायचं, एका कार्डावर एक रेघ दाखवायची, आणि दुसऱ्या कार्डावरच्या तीन रेघांपैकी तिच्याएवढी कोणती ते एकेकानं मोठ्यानं सांगायचं. उत्तर उघड दिसणारं. पण त्या खोलीत खरा परीक्षार्थी एकच. बाकीचे ॲशनं आधी पढवून बसवलेले. १८ पैकी १२ वेळा ते सगळे मिळून एकच चुकीचं उत्तर देत. खऱ्या माणसांपैकी सुमारे तीन चतुर्थांश माणसांनी निदान एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांना दिसलेलं सोडलं आणि गटाचं उत्तर दिलं. चौथा हिस्सा माणसं एकदाही हलली नाहीत. उत्तर मोठ्यानं न सांगता कागदावर लिहायला दिलं, की गटामागं जाणं बरंच कमी झालं. आणि खोलीत दुसरा एकच जण खरं उत्तर देणारा असला, तर ते जवळपास चौथ्या हिश्शावर आलं. हे शेवटचं लक्षात ठेव, पुढं त्याचं काम आहे.

म्हणजे वर्गातला 'हो' हे गणित समजल्याचं उत्तर नसतं. प्रत्येक जण शेजाऱ्याचा 'हो' ऐकतो, त्याला समजलंय असं धरून चालतो, आणि आपण एकटेच ढ ठरू नये म्हणून आपलाही 'हो' त्यात मिसळतो. त्यात फसवायचा हेतू नसतो. भीती असते, आणि तुमच्या वयात ती सगळ्यात जास्त असते. १३ ते १६ वर्षांची मुलं गाडी चालवायच्या व्हिडिओ गेममध्ये मित्र बघत असले की एकट्यानं खेळताना घेतात त्याहून बराच जास्त धोका पत्करतात, असं २००५ च्या एका प्रयोगात दिसलं. मोठ्या माणसांत तसा फरक पडला नाही. फाट्यावर तिघांना बसवून गाडी उडवणारा तुझा वर्गमित्र एकटा असताना बहुतेक नीट चालवत असेल.

गावात याला आणखी एक धार आहे. शहरातल्या पोराचे शाळेतले मित्र वेगळे, गल्लीतले वेगळे. तुझ्या गावात वर्गात जे, तेच एसटीत, तेच गणपती मंडळात, आणि वीस वर्षांनी रात्री शेतात कोणाला साप चावला तर गाडी काढणारेही तेच. त्यांच्यात राहणं हा इथं शौक नाही, गरज आहे, आणि तुझ्या बरोबरीच्या पोट्ट्यांना ती शब्दात सांगता आली नाही तरी कळते. म्हणून त्यांना मेंढरं म्हणू नकोस. ते काहीतरी विकत घेत आहेत. कोणत्या वस्तूला किती मोजायचं, एवढंच त्यांना नीट ठरवता येत नाही.

तुझ्याकडं येऊ. तू ऑटिस्टिक, म्हणजे स्वमग्न आहेस; लोकांचं न बोललेलं ओळखणं आणि आवाज-स्पर्श सोसणं तुला इतरांहून वेगळं जातं. ऑटिस्टिक मुलं गटाच्या चुकीच्या उत्तरामागं कमी जातात, असं ब्रिटनमध्ये २०१४ साली ॲशच्याच धर्तीवर मुलांसोबत केलेल्या प्रयोगात आढळलं. त्याआधी २०१३ मध्ये आणखी एक गोष्ट दिसली होती. मोठं माणूस डबा उघडण्याआधी उगाच त्यावर टकटक करतं, तेव्हा बाकीची मुलं ती टकटकही उचलतात. ऑटिस्टिक मुलं ती बरीच कमी उचलतात आणि सरळ डबा उघडतात. सगळ्याच प्रयोगांत असा फरक सापडलेला नाही, म्हणून तो स्वतःच्या मोठेपणाचा दाखला समजू नकोस. शिवाय तूही नक्कल करतोसच. विनोद न कळता अर्ध्या क्षणानं हसतोस, घरून वाक्यं पाठ करून येतोस, हात हलू नयेत म्हणून खिशात कोंबतोस. त्याची किंमत पुढं सांगतो.

आता काम. एक वही घे आणि दोन आठवडे रोज संध्याकाळी फक्त पाच ओळी लिही. आज सगळ्यांनी मिळून काय केलं, मी ते केलं का, आणि त्याला काय लागलं: पैसे, झोप, कानाला-अंगाला त्रास, की कोणाचं मन. जे केलं नाहीस तेही लिही, कारण न करण्यालाही किंमत पडते. पंधरा दिवसांत तुला दिसेल की निम्म्याहून जास्त गोष्टींना काहीच लागत नाही. "काय म्हणते मंग?" "काही नाही, चालू आहे." हे विचारणाऱ्याला तुझी हकीकत नको असते, तो फक्त 'तू दिसलास' एवढं कळवतो. ते म्हणून मोकळा हो. अशा ठिकाणी खरेपणासाठी अडून बसण्यात तुझी ताकद फुकट जाते.

ज्यांना थोडं लागतं पण ज्यांतून काही मिळतं, तिथं अर्धवट सामील व्हायला शिक. गणपतीचं धर. सगळ्यांनी एकसारखे काळे कुर्ते शिवले आणि तुला तो टोचतो. तो दोन-तीनदा धुऊन घे, मानेमागचं लेबल धाग्यासकट उसवून काढ, आत पूर्ण बाह्यांचं सुती बनियन घाल. मिरवणुकीत डीजेच्या तोंडासमोर उभा राहू नकोस. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो, म्हणून पाच मीटरवरून वीस मीटरवर गेलास तरी कानाला लगेच कळेल; अरुंद गल्लीत भिंतींमुळं एवढा फरक पडत नाही. मेडिकलमध्ये फोमचे कानबोळे मिळतात. ते बहुतेक जण चुकीचे घालतात. बोटांत वळून बारीक कर, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर-मागे ओढ, आत सरकव आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानं दाबून धर. अर्धवट बाहेर राहिला तर काही उपयोग नाही. सगळ्यात चांगलं म्हणजे आधीच एखादं काम मागून घे: पाण्याचे पाऊच वाटणं, वर्गणीचा हिशेब, ट्रॅक्टरमागं चालणं. काम असलेल्या माणसाला "नाचत काऊन नाही बे?" असं कोणी विचारत नाही. आणि निघायची वेळ जायच्या आधी सांग. "मी आठ वाजेपर्यंत आहे" हे आधी सांगितलं तर चालतं. मधेच न सांगता गायब झालास, की रुसला म्हणतात.

खर्ऱ्याचं वेगळं लिहितो, कारण तुझ्या पत्रात तो चारदा आला आहे. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून दिला की आपल्याकडं तो चहासारखा पुढं केला जातो, आणि नाही म्हटलं की "तू आमच्यातला नाही काय?" तोंडाचा कर्करोग तंबाखूनं होतोच, पण नुसती सुपारीही कर्करोग करते. त्याआधी गालाची आतली कातडी कडक होते आणि तोंड उघडणं कमी होत जातं, इतकं की तीन बोटं उभी आत जात नाहीत. ते सहसा पूर्ववत होत नाही. १८ वर्षांखालच्याला तंबाखू विकणं हा गुन्हा आहे.

हे सगळं तुला माहीत असावं म्हणून लिहिलं, टपरीवर सांगायला नाही. तिथं तू कर्करोगाची माहिती द्यायला लागलास की समोरच्याला ऐकू येतं ते 'तू मूर्ख आहेस' एवढंच. एकच वाक्य ठरव: "मी खात नाही." कारण देऊ नकोस. "आज पोट दुखते" म्हटलं तर उद्या पोट बरं असतं, "घरचे रागावतात" म्हटलं तर "त्यायले कोण सांगते?" येतं. दर वेळी तेच वाक्य, त्याच आवाजात, आणि लगेच दुसरा प्रश्न: "साडेपाचची गेली काय?" हातात पाण्याची बाटली किंवा चहाचा कप ठेव, रिकाम्या हातात लोक काहीतरी देतात. ते तीन-चार वेळा विचारतील, मग त्यांनाच कंटाळा येईल.

एका धोक्याबद्दल तू लिहिलं नाहीस, पण मला त्याचीच जास्त काळजी वाटते. गटात घेतो असं दाखवून तुझ्याकडून काम करून घेणारे भेटतील. "जा, मॅडमले हे म्हण." "हे बॅगेत ठेव, उद्या नेतो." "तुझ्या खात्यात पैसे येऊ दे, काढून दे, दोनशे तुझे." शब्दशः समजून घेणाऱ्याला यातला डाव उशिरा दिसतो. म्हणून नियम करून ठेव: जे काम सांगणारा स्वतः करत नाही, ते त्याच दिवशी करायचं नाही. "उद्या सांगतो" म्हण, आणि रात्री घरच्या एका मोठ्या माणसाला त्याचेच शब्द जसेच्या तसे सांग. ओटीपी, बँक खातं, सही, कोणाचा फोटो, दुसऱ्याची पिशवी, यांना तर उद्याही नाहीच. खरा मित्र एक दिवस थांबतो.

वर्ग मिळून एखाद्याची टर उडवतो तेव्हा तुला राग येतो आणि तू ओरडतोस, मग दोघांचीही टर उडते. तिथं ॲशच्या प्रयोगातला तो दुसरा माणूस हो. भाषण नको. ज्याला छळतात त्याच्या शेजारी जाऊन बस आणि त्याच्याशी दुसऱ्याच कशाबद्दल बोल. एवढ्यानं तो एकटा उरत नाही. प्रकार रोजचा असेल तर तारीख, वेळ, कोण काय म्हणालं असं कागदावर लिहून वर्गशिक्षकांना दे. बोलून सांगताना तुझा क्रम हरवतो, लिहिताना हरवत नाही.

गणिताच्या तासालाही हेच. "सर, कोणालाच समजलं नाही, सगळे खोटं बोलतात" असं तू उभं राहून म्हणालास, ते सरांच्या आणि वर्गाच्या दोघांच्याही जिव्हारी लागलं. वाक्य स्वतःपुरतं आणि एका ओळीपुरतं ठेव: "सर, तिसऱ्या ओळीत उणेचं अधिक कसं झालं ते मला कळलं नाही." पहिला प्रश्न आला की दुसरा यायला वेळ लागत नाही. तासात धीर झाला नाही तर नंतर वही घेऊन जा.

आता नक्कल करण्याची किंमत. शाळेचे सहा तास आणि एसटीतला वेळ चेहरा, आवाज, हात सांभाळत बसलास, की घरी आल्यावर आईच्या साध्या प्रश्नावर फुटतोस. ते उद्धटपणा नाही, थकवा आहे. जे जास्त मुखवटा धरतात त्यांच्यात चिंता, नैराश्य आणि जगणं नकोसं वाटणं जास्त आढळतं, असं ऑटिस्टिक मोठ्या माणसांवरच्या अभ्यासांत दिसलं आहे. आल्याबरोबर चाळीस मिनिटं कोणाशी न बोलता घालव, गोठ्यामागं, गच्चीवर, कुठंही. आईला एकदा शांतपणी सांगून ठेव: "मी आल्यावर थोडा वेळ बोलत नाही, रागावलेला नसतो." खिशात एखादी गुळगुळीत गोटी ठेव, हात हलवायचे तर तिच्यावर हलव. आणि मरणाचे विचार आले तर त्याच दिवशी घरी सांग, किंवा १४४१६ वर फोन कर. टेली-मानस ही मानसिक त्रासात मदत करणारी सरकारी फोनसेवा फुकट आहे, चोवीस तास चालते, आणि तिथं मराठीत बोलता येतं.

मुखवट्याशिवाय बोलता येईल असं एक माणूस शोध. दहा लागत नाहीत. एडिनबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी आठ-आठ जणांच्या साखळ्या करून एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला गोष्ट सांगायला लावली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ऑटिस्टिक माणसांच्या साखळीनं गोष्ट बाकीच्यांच्या साखळीइतकीच नीट पोचवली. दोघांची मिसळ असलेल्या साखळीत ती जास्त गळाली. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या अभ्यासकानं २०१२ मध्येच लिहिलं होतं की न कळणं दोन्ही बाजूंचं असतं. तुला मोटार वाइंडिंग आवडतं. तालुक्याच्या दुकानात रविवारी दोन तास बसायला मिळतं का विचार. तिथं हातातल्या तारेबद्दल बोलायचं असतं, चेहऱ्याबद्दल नाही.

एक कागदाचं काम राहिलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, वेगळी नोंदलेली आहे. बाबांना सांगून यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, ऑनलाइन अर्ज भरा. तपासणीत ४० मुद्द्यांची एक भारतीय मोजपट्टी वापरतात, त्यात घरच्यांना तुझ्या लहानपणाबद्दल विचारतात, म्हणून आईला सोबत ने. जुने कागद, शाळेचे शेरे, सगळं एका फाइलमध्ये लाव. दाखला मिळाला तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेची सवलत मागता येते, आणि ती परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मागून भागत नाही. बारावीचे फॉर्म निघण्याआधी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज दे आणि पोच घे.

वहीची पंधरा दिवसांची पानं झाली की मला पाठव. स्नेहसंमेलनात सगळ्या वर्गानं मिळून नाचायचं ठरलंय ना, त्यात तुझं काम कोणतं मागायचं ते ती पाहून ठरवू.

तुझा,
काका